वायफायची चावी

रुक्मिणीच्या आवाजाची गावात ख्याती होती. चवथीला, जत्रेला, नाहीतर कुणाच्या घरी काही अडलं-नडलं की सगुण गावकर देवळात उभा राहून गाऱ्हाणं घालायचा आणि जमलेली माणसं त्याच्या दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायची. बायका बहुधा ओठांतल्या ओठांत म्हणत. रुक्मिणी म्हणायची ती देवळामागच्या तळीपलीकडे ऐकू जाईल अशी. सगुण थट्टेने म्हणायचा, देव झोपला असला तर मी घसा कशाला फोडू, रुक्मिणी आहे ना! अशा बाईने एखादी गोष्ट मनात धरली तर ती आत किती मोठ्याने घुमत असेल, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

तिच्या जावेने तर नाहीच नाही. जाऊ म्हणजे तेजस्विनी, थोरले दीर गोकुळदास यांची बायको. दोन घरं, मध्ये एकच अंगण, दोघींच्या स्वयंपाकघरांची जनेलं, म्हणजे खिडक्या, समोरासमोर. एकीने फोडणी घातली की दुसरीला ठसका लागायचा. पेडण्याच्या बाजारातून घरी यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात या अंगणात भांडण होऊन मिटायचंसुद्धा. पण एक भांडण काही मिटलं नव्हतं, ते पाण्याचं.

विहिरीवरच्या पंपाचं पाणी पूर्वी एकाच पायपातून दोन्ही घरांना यायचं आणि त्या पायपाची चावी तेजस्विनीच्या परसात होती. अबोलीच्या वाफ्यांना पाणी सोडायचं असलं की तेजस्विनी चावी जराशी पिळायची. इकडे रुक्मिणीच्या नळाची धार सुतासारखी बारीक व्हायची. विचारलं की तेजस्विनी म्हणायची, विहिरीतच पाणी कमी आहे. रुक्मिणीने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तिला चावी पिळताना पाहिलं होतं. पुढे दोन वेगळ्या लायनी झाल्या, तेजस्विनी ते विसरूनही गेली. ज्याचा नळ कोरडा पडतो तो असलं काही विसरत नाही.

मग गोकुळदासांच्या घरी फायबरचं इंटरनेट आलं. त्यांचा मुलगा गौरेश कुठल्याशा बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरी बसून करायचा, त्याच्यासाठी. त्याने स्वतःहून काकीच्या घरी येऊन पासवर्ड दिला. एवढंच नाही, नवा लॅपटॉप घेतल्यावर आपला जुना लॅपटॉप त्याने चुलतबहिणीला, सिद्धीला दिला. खाणीवर ट्रक चालवणारा बाप गेल्यापासून सिद्धीच्या शिक्षणाकडे गौरेशचं लक्ष असायचं. रुक्मिणीला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं. तिने त्याला नेवऱ्या करून खाऊ घातल्या होत्या.

पण लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागायचं. सिद्धीचा क्लास अडकायचा, मास्तरीण अर्ध्या शब्दावर तोंड उघडं ठेवून थिजायची. आणि त्याच वेळी समोरच्या जनेलातून गौरेशच्या लॅपटॉपावर क्रिकेटची मॅच अशी धावताना दिसायची की चेंडूच्या शिवणीचे टाकेसुद्धा मोजावेत. रुक्मिणी भांडी घासता घासता दोन्हीकडे बघायची. एकच तार, एकच पासवर्ड, मग हा फरक कुठून आला?

भिंतीमुळे असेल म्हणून सिद्धी एकदा लॅपटॉप घेऊन त्यांच्या बाल्कांवात, पुढच्या ओसरीवर, जाऊन बसली, राउटरच्या हातभर अंतरावर. रुक्मिणी मुद्दाम मागोमाग गेली. गौरेशने दोन्ही लॅपटॉपांवर स्पीड मोजायचं काहीतरी लावलं. त्याच्या पडद्यावरचा काटा सुसाट वर गेला. सिद्धीचा जेमतेम उठला आणि म्हाताऱ्यासारखा तिथेच टेकला.

"काकी, हो लॅपटॉपच जुनो आसा," गौरेश म्हणाला. "तेचो वायफाय सावकाशच चलतलो."

"जुनो आसा तां माका म्हायत आसा," रुक्मिणी म्हणाली. "तूच दिलंस मां तो."

त्याने पुढे आणखी काही सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती उठून चालू लागली. म्हणे जुना! नेवऱ्या खाताना जुना नव्हता तो. आधी आपलं उतरलेलं द्यायचं आणि मग उतरलेलं आहे म्हणून हिणवायचं, ही या घराची रीतच होती. शिवाय लॅपटॉप काय बैल आहे म्हातारा होऊन पाय ओढायला? सिद्धी त्याच्यावर टायपिंग करायची तेव्हा अक्षरं कशी टपाटप उमटायची. मग इंटरनेट आलं की त्यालाच बरा थकवा येतो! दारात उभ्या तेजस्विनीच्या नजरेत तिला काहीतरी चमकल्यासारखं वाटलं, आणि तिथेच तिचं ठरलं. कुठेतरी चावी आहे. ती पिळलेली आहे. आणि पिळणारा हात जुनाच आहे.

मोप्याच्या विमानतळावर एका कंपनीत सिद्धीला नोकरीची संधी आली ती याच सुमारास. लेखी परीक्षा तिने पार केली होती, राहिली होती फक्त मुलाखत, तीही व्हिडिओवर. आईला तिने सांगितलं होतं, ही मिळाली की तुला दुसऱ्यांच्या बागेत काजू गोळा करायला जावं लागणार नाही. रुक्मिणीने देवाला नारळ बोलून ठेवला.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी तिला एक गोष्ट फार विचित्र वाटली. समोरचं घर गप्प होतं. एरवी तेजस्विनीचा टीव्ही सकाळपासून बोंबलत असायचा, गौरेश फोनवर इंग्रजीत हसत असायचा. त्या दिवशी टीव्ही बंद होता, जनेल ओढलेलं होतं. तेजस्विनी दारात येऊन एकदा इकडे पाहून गेली, बोलली नाही. दबा धरून बसलेलं मांजरच असं गप्प असतं.

सिद्धी कोरी करकरीत साडी नेसून लॅपटॉपासमोर बसली. समोर तीन माणसं दिसली, त्यातली बाई छान हसली. दोन प्रश्न झाले. तिसऱ्या प्रश्नाला ती बाई हसता हसता थिजली. आवाज तुटला. सिद्धी "हॅलो, हॅलो मॅडम" करत राहिली. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. तिकडून शेवटचं वाक्य मात्र स्पष्ट ऐकू आलं: आम्ही कळवू. त्यांनी कळवलं ते नकाराचं. मुलाखत तुटल्यावर सिद्धी साडी न सोडता तशीच भिंतीला टेकून बसली होती, रडली नाही, हेच रुक्मिणीला सोसलं नाही.

"आये, मोठ्या आयेच्या घरात त्या दिवशी..." सिद्धी एकदा सांगायला लागली.

"त्या घराचा नाव काडू नको माज्या म्होरे," म्हणून रुक्मिणीने हातातलं पातेलं असं आपटलं की त्याला पोचा आला. पुन्हा तो विषय काढायची सिद्धीची छाती झाली नाही.

नकार आला त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर रुक्मिणी तुळशीसमोर उभी राहिली आणि तिने एकटीनेच गाऱ्हाणं घातलं. जिने माझ्या चेडवाच्या, सिद्धीच्या, तोंडातला घास काढला, तिच्या घरात सून येऊन दिवा लावू नये. आणि आपणच आपल्याला उत्तर दिलं: व्हय म्हाराजा. देव ऐकेल तेव्हा ऐकेल, तिने वाट बघायचं ठरवलं. वाट बघण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

फार थांबावं लागलं नाही. गौरेशसाठी नार्व्याची मुलगी सांगून आली होती, दिपाली. पोरांनी एकमेकांना पाहिलं, पसंत केलं, पत्रिकाही जुळली. गौरेश अंगणात गुणगुणत फिरायला लागला. तेजस्विनीने घराला रंग काढायला घेतला आणि त्याच्या शिंतोड्यांसह ती आनंद वाटत फिरायची. रुक्मिणी तिच्यासमोर हसायची. इतकी गोड हसायची की तेजस्विनीला वाटलं, नोकरीचं दुःख विसरली बिचारी.

आता आपल्याकडे मुलगी द्यायची म्हणजे पत्रिकेवर कोण भागवतं? मुलीकडची माणसं एकदा न सांगता येतात. भलत्याचंच घर विचारतात, पाणी मागतात आणि पाणी पिता पिता शेजारपाजाऱ्यांकडून मुलाचं कुळ-मूळ काढून घेतात. अशीच एक दिवस दुपारची दोघं जणं आली, एक पोक्त बाई आणि तिचा नवरा. गोकुळदास कुटुंबासह म्हापशाला खरेदीला गेले होते. बाईने रुक्मिणीच्या दारात थांबून विचारलं, "बाये, हांगा गोकुळदासांचें घर खंयचें?"

घर समोर होतं, दारावर नाव होतं. रुक्मिणी लगेच उमजली. तिने दोघांना बसवलं, पाणी दिलं, कोकमाचं सरबत केलं. बाई मुलीची आते होती. नुसती आत्मीयतेने चौकशी करायला आली होती म्हणे. मुलाला कुठलं व्यसन? स्वभाव कसा?

"झील म्हणजे सोना," रुक्मिणी म्हणाली. "कामाचो, आवयबापायचो शबद मोडणार नाय." आणि पेले उचलता उचलता, अगदी सहज, पुढे बोलली, "आणि तां आदलां सगळां आता मिटलां."

पूर्वीचं काहीतरी आहे म्हणताच आते ताठ बसली. "आदलें? कसलें आदलें?"

"तुमका कोणी सांगूक नाय?" रुक्मिणीने जीभ चावली. अशी सुंदर चावली की दशावतारात तिला काम मिळालं असतं. "मगे ऱ्हवांदे. माजा तोंडच वायट. आता काय एक नाय तसां."

बस. एवढंच. खोटं म्हणावं तर तिने काय सांगितलं होतं? भोक पाडून दिलं होतं, त्यात काय भरायचं ते नार्व्याच्या लोकांनी आपापल्या मनाने भरायचं होतं. त्यांनी ते काठोकाठ भरलं. आठवड्याच्या आत निरोप आला की पत्रिका पुन्हा दाखवली, ती जुळत नाही. एकदा जुळलेली पत्रिका दुसऱ्यांदा का जुळत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

त्या दिवशी रुक्मिणीने खतखतं केलं आणि पोटभर जेवली. समोरच्या घरात चूल उशिरा पेटली. रंगाचे डबे पडवीत अर्धे तसेच राहिले. तेजस्विनी अंगण झाडताना मध्येच थांबून झाडूच्या टोकाकडे बघत राहायची, आणि रुक्मिणी जनेलाशी उभी राहून ते बघायची. गोड लागत होतं तिला. का लागू नये? सिद्धी भिंतीला टेकून बसली होती तेव्हा यांचा टीव्ही बंद होता, एक शब्द सांत्वनाचा आला नव्हता. आता तुमच्याकडेही गोल चक्र फिरू दे. दिपालीचं दुसरीकडे ठरलं, अशी बातमी आली तेव्हा तर तिने देवाला बोललेला नारळ वाढवून टाकला, जरी तो बोलला होता दुसऱ्याच कामासाठी.

सिद्धीला मग म्हापशाच्या एका ऑफिसात काम मिळालं, हिशेबनीसाचं. विमानतळासारखं नाही, पण मिळालं. एका शुक्रवारी बाजाराच्या गर्दीतून, बसमध्ये उराशी धरून, तिने ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला. घरूनच काही काम पुरं करायचं होतं. स्वयंपाकघराच्या त्याच कोपऱ्यात, त्याच स्टुलावर तिने तो ठेवला, तोच पासवर्ड घातला.

रुक्मिणी नारळ खोवत होती. चक्र फिरेल म्हणून ती बघत राहिली. चक्र फिरलंच नाही. पानं पटापट उघडत होती. सिद्धीने आईला दाखवायला कुठल्याशा जत्रेचा व्हिडिओ लावला, तर ढोलावर काठी पडली की त्याच क्षणी आवाज येत होता.

"चावी सोडली तेंनी?" रुक्मिणीच्या तोंडून गेलं.

"कसली चावी?"

रुक्मिणीने सांगितलं. पाण्याच्या पायपापासून सगळं सांगितलं. सिद्धीला आधी हसू आलं, मग ते मावळलं.

"आये, चावी नाय गे खंय. तो लॅपटॉपच जुनो. तेच्या पोटातला वायफायचा कार्ड जुन्या काळातला. ह्या राउटराक दोन वाटो आसत. एक जुनी, सगळ्या वाड्यावरचे फोन तिच्याचवयल्यान जातत, गर्दी. दुसरी नवी, रुंद. जुन्या लॅपटॉपाक नवी वाट दिसताच नाय. जुन्येर सुद्दा तो जुन्याच चालीन चलता. राउटराच्या मांडयेर नेवन बसयलो तरी तसोच. टायपिंगाक वायफाय लागना नाय, म्हणान तां बेगीन जाय."

खोवणीवरचा रुक्मिणीचा हात थांबला.

"आणि तो सावकाश बोलता तितको वेळ बाकीच्यांक थांबचा लागता," सिद्धी म्हणाली. "मी क्लासाक बसलंय काय दादाचा काम अडकायचा. तो कधी बोललो नाय. मुलाखतीच्या दिसा तर तेणी रजा घेतलेली. घरातला सगळा बंद करून बसलेली तीं. टीव्ही, फोन, सगळा. मोठी आये दारात येवन बघून गेली, माजा सुरू झाला काय तां. हाक मारूक नाय, माका त्रास नको म्हणान. मी सांगूक आयलंय तेन्ना तू ऐकलंस खंय? पातेला आपटलंस."

समोरच्या जनेलात तेजस्विनी तांदूळ निवडत होती. रुक्मिणीने मान खाली घातली आणि खोवत राहिली. करवंटी लागली तरी खोवत राहिली, तेव्हा सिद्धीने तिच्या हातातून ती काढून घेतली. आपण काय केलं आहे हे तिने सिद्धीला सांगितलं नाही. जिभेवर आलं, पण ते बाहेर काढायला तिचा तो प्रसिद्ध आवाज कामाला आला नाही.

तेजस्विनी दुसऱ्याच दिवशी अंगण ओलांडून आली. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्यात जे होतं ते रुक्मिणीने चांगलं ओळखलं. इतके महिने ते तिच्याच डोळ्यांत होतं.

"रुक्मिणी, नार्व्याच्यान कळला. पत्रिका बित्रिका काय नाय. आमच्याच वाड्यावरच्या कोणी बायलेन आमच्या झिलाक डाग लायलो. कोण तां ती सांगनत नाय." ती खाली बसलीसुद्धा नाही. "सोमवारी देवळात गाऱ्हाणा घालतंय. तू ये. तुजो आवाज देवाक पावता."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

सोमवारी देवळात दोन्ही घरं आणि वाड्यावरची बरीच माणसं जमली. गौरेश खांबाशी उभा होता, दाढी वाढलेली. सिद्धी त्याच्या शेजारी. तेजस्विनीने रुक्मिणीचा हात धरून तिला पुढे, आपल्याजवळ उभं केलं आणि तो हात सोडलाच नाही. सगुण गावकराने नारळ-विडा ठेवला, डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या गोकुळदासान तुज्या पायांकडे नारळ ठेवलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या झिलाचा काय एक वायट नसतना, कोणीतरी तेच्या लग्नात खोडो घातलो आसा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात रुक्मिणीचा आवाज नव्हता. तेजस्विनीने तिचा हात दाबला. मोठ्याने म्हण, असा.

"जेणी कोणी तां केला, तेची जीभ तुज्या म्होरे झडांदे!"

"व्हय म्हाराजा," रुक्मिणी म्हणाली. या वेळी म्हणाली. तिच्या वाटणीचं होतं ते, आणि तिने ते घेतलं.

"आणि जसा ह्या पोराचा झाला, तसाच तेच्या पोराबाळांचा होवंदे! तेंच्या लग्नाचो मांडव कधी उबो ऱ्हव नये..."

"नाय म्हाराजा!"

तळीवरची कबुतरं उडाली. असं उत्तर त्या देवळात कोणी कधी दिलं नव्हतं. सगुणचा हात हवेत राहिला. सगळी माणसं रुक्मिणीकडे बघत होती, आणि रुक्मिणी सिद्धीकडे. दुसरं काही सांगायची गरज उरली नाही. गौरेशने आधी मान फिरवली. सिद्धी तोंडावर हात धरून आईकडे बघत राहिली.

तेजस्विनीने हात सोडला. सोडला म्हणजे झटकला नाही, उघडला आणि बाजूला घेतला. ती कितीतरी वेळ रुक्मिणीच्या तोंडाकडे बघत होती, आणि मग तिने खांबाशी उभ्या असलेल्या त्या दोन पोरांकडे पाहिलं.

"कित्याक?" तिने विचारलं.

"माका वाटला, मुलाखतीच्या दिसा तू चावी पिळलंस," रुक्मिणी म्हणाली.

तेजस्विनीला कळायला वेळ लागला नाही. जुनी गोष्ट तिलाही आठवली असावी, कारण तिचा चेहरा एकदा हलला. पण तो तेवढाच हलला.

"सगुणदा," ती म्हणाली, "पोरांचा काडून टाक. बाकीचा ऱ्हवांदे. परत म्हण."

सगुण अवघडला. गोकुळदास काही बोलायला गेले, तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी सगुणने पुन्हा हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हटलं, जेणी कोणी तां केला, तेची जीभ तुज्या म्होरे झडांदे.

कोणीच साथ दिली नाही. मग एकटी रुक्मिणी 'व्हय म्हाराजा' म्हणाली, आणि नेहमीसारखं ते तळीपलीकडे ऐकू गेलं.